डॉक्टरांनी विषय काढण्याची वाट पाहू नका

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत, इन्फोसिसमध्ये नोकरीला आलेल्या आणि मागाहून आई-वडिलांनाही इथे आणलेल्या मराठी कुटुंबांना ही कळकळीची विनंती. आई-बाबा बोलतेचालते आहेत तोवर त्यांना विचारा : दुखणं बरं होण्यापलीकडे गेलं, तर व्हेंटिलेटर लावायचा का?

प्रश्न अभद्र वाटेल. पण केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या जगण्या-मरण्यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे मात्र कुणालाच विचारता आलं नाही.

आज विचारता येतं आणि कागदावर लिहूनही ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने त्यासाठी परिपत्रक काढलं. हा फक्त निरर्थक ठरलेले उपचार थांबवण्याचा अधिकार आहे. इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे गुन्हाच आहे. मेलबर्नच्या नातेवाइकांकडून ऐकलेलं इथे लागू करू नका. तिथे व्हिक्टोरिया राज्यात २०१९ पासून मरणासाठी औषध मिळू शकतं, पण तो विषय डॉक्टरांनी आपणहून काढायचा नाही, अशी अट त्या कायद्याने घातली होती. डॉक्टरांच्या शब्दाचं दडपण आजारी माणसावर येऊ नये, म्हणून. ती काळजी मला रास्त वाटते.

उपचार थांबवण्याबद्दल बोलायला आपल्या डॉक्टरांना तशी मनाई नाही. तरी पोलीस केसच्या आणि नातेवाइकांच्या संतापाच्या धास्तीने अनेकजण गप्प राहतात. मग पैसे संपले की घरचेच ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’वर सही करतात, आणि ज्याचा श्वास कोंडतो आहे असा माणूस वेदनाशामकाशिवाय घरी येतो. कृपा करून तसं करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा : सुधारण्याची आशा किती? नसेल, तर वैद्यकीय मंडळापुढे हे प्रकरण ठेवाल का? वेदना कमी करायला काय देणार? लिव्हिंग विल नसलं तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हा मार्ग खुला असतो. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ पाहतात, मग दुसरं मंडळ तपासतं. शक्यतो ४८ तासांत मत देणं दोन्ही मंडळांकडून अपेक्षित आहे.

आणि डॉक्टरांनीच विषय काढला, तर ते हात झटकताहेत असं लगेच समजू नका, ऐकून घ्या. मात्र बिलाचा आकडा दाखवून कुणी घाई केली, तर ठाम नकार द्या.

लिव्हिंग विलचा कागद करायला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतात. आई-बाबांना कन्नड किंवा इंग्रजी कळत नसेल, तर मजकूर मराठीत समजावून मगच सही घ्या. मन बदललं तर तो कागद कधीही लेखी रद्द करता येतो. त्यांच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं त्यात घालावी लागतात. ती घालण्याआधी गावाकडच्या भावंडांना फोन करा. आयसीयूच्या दारात पहिला वाद होतो तो बहुधा रात्रीच्या गाडीने आलेल्या, काहीच ठाऊक नसलेल्या थोरल्या भावाशी.