गाणी मुलींची, बैठक काकांची

मैत्रिणींनो, धर्माचा विषय निघाला की आपण व्यक्तिगत कायद्यांवर बोलतो, नाहीतर तो टाळतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला धर्माकडून काय हवं आहे, हे तिला कुणी विचारत नाही. आपणही नाही.

छत्रपती संभाजीनगरातल्या काही ख्रिस्ती मुलींशी बोलताना हे लक्षात आलं. या मुलींना चर्च नको आहे असं मुळीच नाही. रविवारची त्या वाट पाहतात. घरातून कुणी न अडवता जाता येईल, मोठ्यानं गाता येईल, मैत्रिणी भेटतील अशी ती एकच जागा आहे. (याला कुणी श्रद्धा कमी म्हणेल, मी नाही म्हणणार.) संडे स्कूलची मुलं सांभाळणं, नाताळची गाणी बसवणं, फुलं, झाडलोट हे सगळं त्यांच्याकडे. पैसा कुठे खर्चायचा हे ठरवायला मात्र काका-मामा बसतात.

त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "बाप दारू पिऊन आईला मारतो. रविवारी क्षमेवर उपदेश ऐकते. मग क्षमा आईनंच करायची का? त्याला कुणी का बोलावून विचारत नाही?" तिनं हे पाळकसाहेबांना विचारलं होतं. "प्रार्थना कर," एवढंच उत्तर मिळालं. तिला प्रार्थना नको होती असं नाही. बरोबर घरी येणारं कुणीतरी हवं होतं.

दुसरीचा प्रश्न कॉलेजच्या फॉर्मचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. बौद्धांना तो १९९० साली मिळाला. मग शेजारच्या बौद्ध मैत्रिणीचा फॉर्म एका रकान्यात बसतो आणि हिचा अडतो. कागदावर काय लिहायचं, हे घरात दबक्या आवाजात ठरतं. चर्चमध्ये त्यावर उघड बोलणं नाही.

असे प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं या मुलींना सांगितलं जातं. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी वादही घातला. जे पटेल तेच मानणार, हा त्यांचा हट्ट होता. पुढे त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचे खिळे जुळवले तेही बायकांनीच. हे मुलींना सांगितलं, तर त्या चकित झाल्या. रमाबाईंचं नाव ठाऊक होतं, त्यांचं भांडण कुणी सांगितलं नव्हतं.

कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात होता येतं. दक्षिणेच्या चर्चमध्ये तर २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. पण आमच्या या मुलींचं मागणं तेवढं मोठं नाही. बैठकीत दोन मुली बसू द्या, आणि घरातल्या मारहाणीची तक्रार ऐकायला एक बाई नेमा, एवढंच त्या म्हणतात. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला आहे. त्यावर सही करायला आया अजून कचरताहेत.