असईचा पराभव फितुरीने झाला नाही

असईच्या लढाईविषयी दोन कथा सांगितल्या जातात. इंग्रजी कथेत आर्थर वेलस्ली मूठभर गोऱ्यांनिशी पन्नास हजार मराठ्यांना पळवून लावतो. मराठी कथेत युरोपियन अधिकारी फितूर होतात आणि बाकी सारे निर्दोष सुटतात. दोन्ही कथा सोयीच्या आहेत. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत 23 सप्टेंबर 1803 रोजी जे घडले, ते मात्र दोहोंतही बसत नाही.

प्रथम वेलस्ली. जन्म 1769, आयर्लंडमधील सरदार घराणे. 1790 मध्ये डब्लिनच्या पार्लमेंटात प्रवेश, पुढे पलटणीचा कर्नल म्हणून हिंदुस्थानात. थोरला भाऊ रिचर्ड 1798 पासून गव्हर्नर जनरल. 1799 साली श्रीरंगपट्टणवर चढून जाणारी तुकडी जनरल बेअर्डची होती; शहराचा कारभार मिळाला तो धाकट्या वेलस्लीला. पण वशिल्याने रणांगण जिंकता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. 21 सप्टेंबरला बदनापूर येथे कर्नल स्टीव्हन्सनशी ठरले होते की दोन वाटांनी जाऊन 24 तारखेला एकत्र हल्ला करायचा. 23 लाच शत्रू समोर दिसला, आणि वेलस्ली थांबला नाही. वाटाडे म्हणत होते, पुढे नदीला उतार नाही. पिंपळगाव आणि वरूड ही गावे दोन काठांवर समोरासमोर वसलेली पाहून त्याने ताडले की येथे उतार असणारच. तो होता.

आता ‘मूठभर गोरे’. वेलस्लीच्या सुमारे 4,500 कवायती सैनिकांत बहुसंख्य मद्रासी शिपाई होते. शिवाय म्हैसूरचे आणि खुद्द पेशव्यांचे घोडेस्वार त्याच्या बाजूला होते. म्हणजे मराठी तलवार त्या दिवशी दोन्हीकडे होती. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाचे हे फळ.

फितुरीचे काय? उत्तरेत पेरॉन शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला, हे खरे. कंपनीने शिंद्यांकडील ब्रिटिश अधिकाऱ्यांना जाहीरनामा काढून फोडले, हेही खरे. परंतु असईवर पायदळाचा सेनापती होता हॅनोव्हरचा पोलमन. वेलस्ली बगलेवर येताच त्याने सारी रांग वळवून नव्या दिशेला उभी केली. इतक्या चपळाईची अपेक्षा खुद्द वेलस्लीलाही नव्हती. विकला गेलेला सेनापती असे करतो काय? गोलंदाज तर तोफांपाशीच संगिनींना बळी पडले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे सरकताच त्यांनी तोफा फिरवून तिच्या पाठीवर मारा केला. 74 वी हायलँडर्स ही पलटण असई गावासमोर जवळजवळ कापली गेली. कंपनीचे साडेपंधराशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. कवायती फौजेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त. म्हातारपणी त्याला विचारले गेले की लढाईतली आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, तेव्हा 1815 चे वॉटर्लू जिंकलेल्या आणि 1828 मध्ये पंतप्रधान झालेल्या या माणसाने नाव घेतले ते असईचे. पळपुट्यांवर मिळवलेल्या विजयाची आठवण कोणी अशी जपत नाही.

मग हरले कोण? शिंदे-भोसल्यांकडे किमान तीस हजार घोडदळ होते. त्यातील बहुतांश भाग पाहत उभा राहिला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांनी निकाल लागण्याआधीच रणांगण सोडले. यशवंतराव होळकर माळव्यात तटस्थ बसले होते. 2 सप्टेंबरला जालन्याचा किल्ला स्टीव्हन्सनच्या हाती गेला, तेव्हाच पुढचा धोका दिसायला हवा होता. ज्या पायदळावर महादजींनी आयुष्य वेचले, ते त्यांच्या वारसाने असईवर धन्याविना सोडून दिले. या प्रमादाला ‘फितुरी’ म्हणणे म्हणजे गोलंदाजांच्या रक्तावर सरदारांची चूक धुणे होय.

त्या संध्याकाळी 98 तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दौलतराव पुढे 1827 पर्यंत गादीवर होते.