दुर्बिणीत न मावणारा सातारा

जुन्या लष्करी रायफलींच्या संग्राहकांत दुर्बीणधारी ‘ली-एनफिल्ड क्रमांक ४ टी’चे स्तोत्र अखंड चालू असते. हॉलंड अँड हॉलंडने अचूक मारा करणाऱ्या रायफली निवडून त्यांवर ३२ क्रमांकाची दुर्बीण कशी चढवली, दस्त्यावर गाल टेकण्यासाठी लाकूड कसे जोडले, सारे मुखोद्गत! नेमबाजीचे कौतुक अवश्य करावे. परंतु यंत्राच्या वर्णनालाच इतिहास म्हणणे ही फसवणूक आहे.

१८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना बंदूक बाळगणारा भारतीय गुन्हेगार ठरला. युरोपीयांना मात्र सूट होती. तोच भारतीय मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या गणवेशात इटलीला निघाला, की सरकार स्वतःहून त्याच्या हाती .३०३ देई. त्याच काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारला शस्त्रे चोरून जमवावी लागत होती.

आणि नळीसमोर कोण होते? ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावण्यास निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह ९ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात तेच घडले. (इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते; ‘सांगली जिल्हा’ हे नाव १९६०चे.) जुलै १९४३मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून निघालेल्या वसंतदादा पाटलांनाही गोळी लागली.

नळीवरचे शिक्के भिंगाखाली वाचणाऱ्यांनी ती रायफल कोणत्या ठाण्यात, कोणाच्या हाती होती, हेही विचारावे. जुन्या .३०३ भंगारात जाण्यापूर्वी पोलीस शस्त्रागारांच्या नोंदवह्या अभ्यासकांना खुल्या व्हाव्यात, ही मागणी खरे तर संग्राहकांनीच सर्वांआधी करायला हवी होती.