हंडा सापडला तर सोनाराकडे जाऊ नका!



हर्णे-दापोलीकडच्या वाड्यांवर एक बोलणं सारखं कानावर येतं. कलमांचे खड्डे मारताना, पाया खणताना, चिरेखाणीत काही लागलं की मुकादम हळूच म्हणतो, "कुणाला बोलू नको, मी बघतो." अरे, तू काय बघणार? तू तुझं बघणार! मातीच्या भावात नाणं घेणार, आणि उद्या पोलीस आले की बोट आपल्याकडे. आधीच आपल्यावर संशय घ्यायला लोक टपलेलेच आहेत.

पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सोन्याची 216 नाणी मिळाली. वजन दोन किलोच्या वर. कुणाला न सांगता घरात ठेवली. पोलिसांना सुगावा लागला आणि 2021 साली सगळी जप्त झाली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की कळवलं असतं तर त्यावर हक्क सांगता आला असता.

होय, हक्क! कायदा इंग्रजांचा आहे, 1878 चा, अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. माल सरकारी खजिन्यात जमा करायचा. चौकशी होते, जाहीर नोटीस लागते, निदान चार महिने जातात. कुणी मूळ मालक ठरला नाही आणि जमीनवाल्यानेही हक्क सांगितला नाही, तर सगळं सापडणाऱ्याचं. जमीनवाला आला तरी तीन हिस्से आपले, एक त्याचा.

पण इथेच ग्यानबाची मेख आहे. आधी दोघांत करार असेल तर वाटणी त्या कराराप्रमाणे. म्हणून खोदाईच्या आधी किंवा नंतर मालकाने, ठेकेदाराने कुठलाही कागद पुढे केला तर अंगठा देऊ नका. वाचून घ्या, नाहीतर आम्हाला बोलवा.

न कळवता विकलं तर? आपला हिस्सा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. शंभर वर्षांपूर्वीची नाणी, मूर्ती असेल तर 1972 चा पुरावस्तूंचा कायदाही लागतो. त्या मालाचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. सोनाराने वितळवलं म्हणजे पुरावा गेला असं समजू नका. आणि सुवर्णदुर्गात तर फावडं घेऊन जाऊच नका, तो संरक्षित किल्ला आहे, तिथे खणणं हाच गुन्हा.

काही जण म्हणतात, सरकारला दिलं की गेलं. भीती खोटी नाही. सरकार माल स्वतः ठेवू शकतं, पण धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. फुकट नाही. एवढं सांगायला दीडशे वर्षांत एकही साहेब वाडीवर आला नाही, पकडायला मात्र जीप येते! हा कायदा मराठीत प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवा, ही आपली मागणी आहे.

तोवर काही लागलं तर चार माणसांसमोर मोजा, लिहून काढा, दिलेल्या अर्जाची पोच घ्या. अर्ज लिहून द्यायला आम्ही रात्रीही येऊ.