कालेजांतल्या पोरानें धाडस कोणाच्या जिवावर करावें?

इंदापूर तालुक्यांतील लोणी देवकरसारख्या गांवांत आज एक प्रश्न घरोघर आहे, पण चावडीवर तो कोणी बोलून दाखवीत नाहीं. पोरगा इंदापूरला, बारामतीला, नाहीं तर पुण्याला कालेजांत आहे. बापानें उसाच्या बिलांतून फी भरली. बिल पुरलें नाहीं तेव्हां सोसायटीचें कर्ज काढलें. पुढें पोरगा स्पर्धापरीक्षेसाठीं पुण्यांत खोली घेऊन बसला. तीन वर्षें झालीं, चार झालीं. आणि मध्येंच एके दिवशीं गांवच्या चौकांत फलक लागतो. त्यावर खालच्या अंगाला आपल्या पोराचा फोटो, वर कोणा पुढाऱ्याचा चौपट मोठा फोटो. आई विचारते, "हें रे काय बाळा?" पोरगा म्हणतो, "समाजकार्य."

बंधूंनो, हें समाजकार्य नव्हे, ही उमेदवारी आहे. आणि उमेदवारीहि दुसऱ्याच्या दुकानांतली! कर्ज बापाच्या नांवावर, झोप आईची उडालेली, मग पोरानें स्वतःचें असें पणाला काय लावलें? हें विचारण्याचा हक्क आईबापांना आहे. पण विचारावयाचें तर माप हातांत पाहिजे, म्हणून एका कालेजकुमाराची हकीकत सांगतों.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म 1873 सालीं जमखंडी संस्थानांत मराठ्याच्या घरीं झाला. वडील रामजीबाबा वारकरी, संस्थानांत साधी नोकरी. घरांत भजन होतें, आल्यागेल्याला भाकर होती, पैसा नव्हता. 1891 सालीं पोरगा मॅट्रिक झाला आणि 1893 मध्यें पुण्याच्या फर्ग्युसन कालेजांत दाखल झाला. त्या काळीं मराठ्याचा, माळ्याचा, धनगराचा पोर कालेजांत दिसणें म्हणजे दुष्काळांत पाऊस! 1898 सालीं तो बी. ए. झाला आणि वकिलीच्या अभ्यासाला लागला. आतां घरचे दिवस पालटणार, असें कोणाहि बापाला वाटेल. वकील झाला असता तर संस्थानांत मान होता, पुण्या-मुंबईंत पैसा होता.

पोरानें वकिली अर्ध्यावर सोडली आणि प्रार्थनासमाजाच्या धर्मकार्याला वाहून घेतलें.

येथें कोणी म्हणेल, देवाधर्माच्या नादीं लागून पोर वाया गेला. तसें नव्हतें. कालेजांत मिल, स्पेन्सर वाचून घरची श्रद्धा ढिली झाली होती. पुढें जी श्रद्धा त्यांनीं धरली ती शोधून, पारखून धरली. तींत मध्यस्थ नव्हता, मूर्ति नव्हती, सोंवळें नव्हतें. 1901 सालीं युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ते विलायतेस ऑक्सफर्डच्या मॅंचेस्टर कालेजांत गेले, निरनिराळे धर्म ताडून पाहिले, आणि 1903 सालीं परतले ते मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून. विलायतेहून आलेला मराठा बॅरिस्टर नाहीं, साहेब नाहीं, तर प्रचारक! जातभाईंना हें कोडेंच वाटलें असेल.

पण श्रद्धेची खरी परीक्षा पुढें झाली. सर्व माणसें एका देवाचीं लेकरें, असें व्यासपीठावरून सांगणारे त्या काळींहि पुष्कळ होते. शिंदे 1905 सालीं अहमदनगरजवळ भिंगार येथें अस्पृश्य मानलेल्या बंधूंच्या वस्तींत रात्रीच्या सभेला गेले, आणि तेथें त्यांच्या मनानें घेतलें कीं, आपलें पुढचें आयुष्य ह्याच कामाला. 18 ऑक्टोबर 1906 रोजीं मुंबईंत परळ भागांत त्यांनीं डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापून शाळा उघडली. नुसती शाळा उघडून घरीं जेवायला गेले नाहींत. बिऱ्हाड घेऊन मिशनच्या माणसांत राहिले. पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाबाई त्या कामांत होत्या. जनाबाईचें नांव आपण घेत नाहीं, ही आपली कृतघ्नता आहे. भाऊ व्याख्यान देतो तेव्हां टाळ्या भावाला. शाळेंतल्या लेकरांचें आजारपण, डोकीं, कपडे पाहणारी बहीण मात्र छापील कागदावर येत नाहीं. तुमच्या गांवांतहि असेंच चाललें आहे कीं नाहीं पाहा. पोरगा चळवळींत असतो तेव्हां गोठ्यांतलें शेण त्याची बहीण काढीत असते.

1917 च्या कलकत्त्याच्या काँग्रेसमध्यें अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागें शिंद्यांची खटपट होती. 1920 सालीं बहुजन पक्ष काढून ते कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. मराठ्यांच्या राखीव जागेवर निवडून येणें सोपें होतें. तें सोडून ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. ब्राह्मणेतर पक्षाच्या कित्येकांना ते परके वाटले, सनातन्यांना तर ते नकोच होते. 1923 सालीं त्यांनीं मिशनचा कारभार ज्यांच्यासाठीं तें होतें त्यांच्याच माणसांच्या हातीं सोंपविला. सतरा वर्षें उभें केलेलें घर किल्लीसकट दुसऱ्याच्या हातीं देणें, हें आमच्या आजच्या पुढाऱ्यांतील किती जणांना जमेल? सोसायटीच्या खुर्चीवरून उठतांना ज्यांचे पाय कांपतात त्यांना विचारा! पुढें 1928 सालीं तुकडेबंदीच्या बिलानें लहान शेतकऱ्याची जमीन जाईल अशी भीति पडली, तेव्हां पुण्याच्या शेतकरी परिषदेंत शिंदे होते, आणि सरकारला तें बिल गुंडाळावें लागलें. 1930 च्या सत्याग्रहांत, साठीच्या उंबरठ्यावर, येरवड्याच्या तुरुंगांतहि ते गेले. 1944 सालीं वारले.

आतां आईबापांचा सवाल उरतोच. "हें सारें खरें, पण आमच्या घरांत एकच शिकलेला. त्यानें नोकरी सोडली तर कर्ज कोण फेडील?" हा सवाल भित्रेपणाचा नाहीं, तो हिशेबाचा आहे, आणि ज्याच्या घरीं दीड एकर आहे त्यानें हिशेब केलाच पाहिजे. म्हणूनच शिंद्यांच्या हकीकतींतील जी गोष्ट जयंतीच्या भाषणांत कोणी सांगत नाहीं ती येथें सांगतों. हा पोर बापाची जमीन गहाण टाकून धाडसी झाला नाहीं. कालेजांत असतांना गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशननें हात दिला. सयाजीराव महाराज गायकवाडांनीं शिष्यवृत्ति दिली, आणि पोरगा नोकरीऐवजीं धर्मकार्याला जातो म्हणाला तेव्हां त्याला मोकळीक देऊन विलायतेच्या प्रवासालाहि मदत केली. त्याच महाराजांनीं 1913 सालीं भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत धाडलें. साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील पोरांसाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. धाडस पोराचें होतें, पण त्याच्या पायाखालीं जमीन समाजानें घातली होती. बाप एकटा पडला नव्हता.

आमच्याकडे उलटें आहे. धोका सारा एका घरावर, आणि पोर पुढें आला तर श्रेय साऱ्या जातीला! लोणी देवकरला आज उजनीचें पाणी जवळ आहे, सोलापूरचा मोठा रस्ता आहे, औद्योगिक वसाहत आहे. यात्रेला वर्गणी गोळा होते, तमाशा आणि कुस्त्यांचा फड रंगतो, वाढदिवसाला फलक लागतात, गुलालाचीं पोतीं फुटतात. ह्याला आमची ना नाहीं. गांव हंसतें-खेळतें असावें. पण त्याच वर्गणीच्या वहींत एक पान कालेजच्या पोरापोरींसाठीं कां नसावें? पोरींसाठीं हें मुद्दाम लिहिलें आहे. आणि तें पान मराठ्याच्या आळीपुरतें नसावें. माळी, धनगर, रामोशी, महार, मांग, सुतार, कुंभार, मुसलमान, ज्याची फी थकली त्याचें नांव त्यावर यावें. आपल्याच जातीच्या पोराला फी देणारा फंड म्हणजे फलकाचाच थोरला भाऊ.

फंड देतांना पोराकडून पैशाची हमी मागूं नये. एक गोष्ट मात्र मागावी: सुट्टींत गांवीं आल्यावर त्यानें ज्या वस्तींत आपलें घर नाहीं तेथें महिनाभर पोरांना शिकवावें, आणि तेथेंच भाकर खावी. जो म्हणेल, "शिकवीन, पण जेवणाचें नको," त्याला फी द्यावी, पुढारपण देऊं नये.

26 जानेवारीच्या ग्रामसभेला हा विषय लेखी द्या. ग्रामसेवक म्हणेल, विषयपत्रिकेंत बसत नाहीं. त्याला म्हणावें, मग खालीं जागा ठेवून लिही. आणि पहिली वर्गणी फलकावर ज्याचा फोटो आहे त्याच्याकडूनच मागा.