गुणवत्तेच्या शोधाचा खर्च कोणी सोसायचा?

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत भारताने ऑस्ट्रेलियावर तीन गडी राखून विजय मिळविला, तेव्हा त्याचे वर्णन चमत्कार असे करण्यात आले. १९८८ नंतर त्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा संघ कसोटी हरला नव्हता, हे पाहता ते स्वाभाविकही होते. परंतु त्या विजयातील खरी विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच होती. प्रमुख गोलंदाज एकामागून एक जायबंदी झाल्यामुळे ज्यांना संघात घेणे भाग पडले, त्यांत पालघरचा शार्दूल ठाकूर होता आणि तामिळनाडूतील चिन्नप्पमपट्टी या खेड्यातून आलेला टी. नटराजन होता. ठाकूरने सामन्यात सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा काढल्या. नटराजनने पदार्पणाच्या डावातच तीन बळी मिळविले. दुखापतींची साथ आली नसती, तर त्या सामन्यात या दोघांची परीक्षा झालीच नसती. मग प्रश्न उरतो तो असा की, ज्यांच्यावर अशी साथही कधी मेहेरबान होत नाही, त्या मुलांचे काय होते?

उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत भातकापणी उरकली, शेते मोकळी झाली की टेनिसच्या चेंडूवरील सामन्यांचा हंगाम सुरू होतो. किन्हवली असो, डोळखांब असो वा धसई असो. मंडप, ध्वनिक्षेपक, चषक आणि रोख बक्षीस हा थाट सर्वत्र सारखाच. या मैदानांवर फलंदाजाच्या बुंध्यात अचूक चेंडू टाकणारा एखादा सडपातळ मुलगा गावोगाव ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो फक्त निवड करणाऱ्यांना.

यात कोणाचा दुष्टावा आहे असे नाही. हा बाजाराचाच दोष आहे. २००८ पासून आयपीएलमध्ये खेळाडूंचा जाहीर लिलाव होतो, आणि लिलाव म्हटला की योग्य मालाला योग्य भाव मिळतो असा समज होतो. तथापि भाव ठरतो तो माहितीवर, आणि माहिती फुकट मिळत नाही. जो खेळाडू नामांकित क्लबातून खेळतो, वयोगटाच्या संघात निवडला जातो, त्याची माहिती स्वस्त असते. म्हणून त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. आडगावच्या मुलाची माहिती महाग असते. म्हणून ती कोणी मिळवीत नाही. याचा अर्थ त्याचे मोल कमी आहे असा नव्हे. त्याचे मोल कोणी मोजलेलेच नसते.

आज हा माहितीचा खर्च मुलावरच पडतो. शहापूरच्या मुलाने आसनगाव गाठायचे आणि तेथून सुमारे ८५ किलोमीटरचा लोकलप्रवास करून मुंबईचे मैदान शोधायचे. मुरबाडला तर रेल्वेच नाही, एस. टी. ने आधी कल्याण गाठावे लागते. बूट, किट, भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब वेगळाच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलापुढे भिवंडीच्या गोदामातील किंवा जवळच्या कारखान्यातील नोकरी उभी असते आणि घरी तिची निकड असते. अशा चाळणीतून मागे राहतो तो ज्याला थांबणे परवडते. ज्याचा हात अधिक चांगला तोच राहतो असे नाही.

शार्दूल ठाकूरचे उदाहरण यावर आक्षेप म्हणून पुढे केले जाते: पालघरचा मुलगा पहाटेच्या गाडीने मुंबईत येऊन कसोटीपटू झालाच की! पण हेच उदाहरण उलट साक्ष देते. बोरिवलीच्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला प्रतिस्पर्धी संघातून खेळताना पाहिले, आपल्या शाळेत आणले आणि राहण्यास आपल्या घरात जागा दिली. एका सद्गृहस्थाने खर्चाचा वाटा उचलला म्हणून एक खेळाडू हाती लागला. सद्गृहस्थांच्या भरवशावर व्यवस्था चालत नसते.

अमेरिकेतील बेसबॉलकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे १९६५ पासून दरवर्षी व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात आणि तीपूर्वी त्यांचे पारखी गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांची मैदाने पालथी घालतात. जेकब डीग्रॉम हा फ्लोरिडातील एका महाविद्यालयाचा विद्यार्थी प्रामुख्याने क्षेत्ररक्षक होता. चेंडू फेकण्याचे काम त्याला शेवटच्या हंगामात मिळाले. २०१० च्या निवडीत त्याचे नाव नवव्या फेरीत, २७२ व्या क्रमांकावर आले. पुढे २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे तो आपल्या लीगमधील सर्वोत्कृष्ट गोलंदाज ठरला. पारख्यांकडून चूक तेथेही होते. पण एकविसाव्या वर्षीही दार उघडे असते आणि कोणीतरी पाहण्यास आलेले असते. आपल्याकडे सोळा आणि एकोणीस वर्षांखालील संघांची दारे चुकली की मुलगा जणू हिशेबातूनच वजा होतो.

असा प्रयत्न भारतात झालाच नाही असे मात्र नाही. २००२ मध्ये नियामक मंडळाने दिलीप वेंगसरकर यांच्या अध्यक्षतेखाली गुणशोधाची योजना सुरू केली. तिच्या निरीक्षकांपैकी प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला एका सामन्यात महेंद्रसिंह धोनीला हेरले. पुढे ती योजना बंद पडली. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर टेनिस चेंडूची व्यावसायिक लीग भरली, तीत या खेळाडूंनाही लिलावात बोली लागली. ही इष्ट गोष्ट होय. पण लिलाव म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

कारण टेनिसच्या चेंडूवरचा प्रत्येक वेगवान मुलगा कसोटीचा गोलंदाज असतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कातडी चेंडू कितीतरी जड, त्याची शिवण वेगळी, आणि दिवसभर पुन्हा पुन्हा गोलंदाजीस येण्याचा ताण तर सर्वस्वी निराळा. म्हणूनच एका सकाळच्या चाचणीत चार चेंडू टाकायला लावून मुलाला परत पाठविणे हा न्याय नव्हे. हंगामभर निरीक्षण, निवडक मुलांना कातडी चेंडूचे काही आठवड्यांचे शिबिर, वेग मोजण्याचे एखादे यंत्र, प्रवासभाडे आणि वयाची अट शिथिल असलेला महाविद्यालयीन गट एवढे केले तरी तालुक्यातील मुलाची माहिती स्वस्त होईल. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले. त्या रकमेपुढे हा खर्च नगण्य आहे. फळ ज्यांच्या पदरात पडते, शोधाचा खर्चही त्यांनीच सोसावा, हा अर्थशास्त्राचा साधा न्याय होय.

मुंबईला शहापूरची ओळख नाही असे कोण म्हणेल? १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून भातसापर्यंत याच तालुक्याच्या पाण्यावर ते शहर वाढले. उन्हाळ्यात येथील पाडे मात्र टँकरची वाट पाहतात. ते पाणी हवे होते तेव्हा शहराने स्वतः डोंगर धुंडाळले, मोजणी केली आणि स्वखर्चाने नळ टाकले. तानसाने मुंबईत येऊन आपली योग्यता सिद्ध करावी, अशी अट कोणी घातली नव्हती. ती अट येथील मुलांनाच का?