जमाखर्च शिकायला हवा



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. आता कोणत्या शाखेला जायचे? चांगले गुण मिळाले तर विज्ञान शाखा, नाहीतर वाणिज्य किंवा कला, असे बहुतेकांनी आधीच ठरवून टाकलेले असते. त्यामुळे वाणिज्य शाखेचा अर्ज भरणारा मुलगा थोडी मान खाली घालूनच रांगेत उभा राहतो. मला हे पटत नाही. पैशाचा नीट विचार करणे हे रसायनशास्त्र शिकण्याइतकेच बुद्धीचे काम आहे. आपल्या महाड-पोलादपूरच्या भागाला तर या विद्येची फार गरज आहे. ती का, हे आज तुम्हांला सांगायचे आहे.

पैशाच्या विद्येशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. रायगड किल्ला महाड तालुक्यातच आहे. १६७४ साली तेथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी प्रसिद्ध आहेत. राज्य चालवायचे तर स्वतःचे नाणे हवे, हे महाराजांनी ओळखले होते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. याच बाबासाहेबांनी न्यूयॉर्क आणि लंडन येथे अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला होता. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज वाणिज्य शिक्षणासाठी १९१३ साली सुरू झाले. तेथे ते काही काळ प्राध्यापक होते. भारताच्या रुपयाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या या थोर पुरुषाला पैशाचा अभ्यास हलका वाटला नाही.

दुसरे नाव चिंतामणराव देशमुख यांचे. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० ते १९५६ या काळात ते देशाचे अर्थमंत्री होते. आयुर्विम्याचा धंदा सरकारने आपल्या हाती घेतला, तो त्यांच्याच काळात, १९५६ साली. रायगडाच्या पायथ्याजवळ जन्मलेल्या या मुलाने पुढे सगळ्या देशाचा जमाखर्च सांभाळला.

कोणी म्हणेल, “देशमुख तर केंब्रिजला विज्ञान शिकले होते. मग वाणिज्य कशाला शिकायचे?” गोष्ट खरी आहे. पण ते सरकारी नोकरीत शिरले आणि वर्षानुवर्षे काम करता करता पैशाचा व्यवहार शिकले. अशी संधी हजारांत एकाला मिळते. बाकीच्यांसाठी कॉलेज आहे. महाडमध्ये डॉ. आंबेडकरांच्याच नावाचे महाविद्यालय आहे, आणि पोलादपूरच्या मुलांनाही शिक्षणासाठी आता फार दूर जावे लागत नाही. दार उघडे असताना आत जायला संकोच कशाला?

आता आपल्या घरांकडे पाहू. पोलादपूरचा तालुका डोंगराळ. भातशेती पावसावर, आणि ती वर्षभर पुरत नाही. म्हणून तेथील कितीतरी माणसे मुंबईला नोकरीसाठी गेली. महाड आणि आसपासच्या गावांतून कुणी कुवेतला गेले, कुणी सौदी अरेबियाला, कुणी दुबईला. काहीजण महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत काम करतात. म्हणजे आपल्या भागात पैसा येतो, पण तो बहुधा दूरवरून येतो. तो मिळवणारा एकीकडे आणि खर्च करणारे दुसरीकडे, अशी स्थिती असते.

अशा घरात खरा खजिनदार कोण असतो? अम्मी किंवा दादी. शाळेची फी, वाण्याची उधारी, औषधपाणी, नातेवाइकांची लग्ने, घराची दुरुस्ती, हे सर्व तीच पाहते. तिने वाणिज्याचे एकही पुस्तक वाचलेले नसते. तरी ती महिना निभावून नेते. परंतु महिना निभावणे वेगळे आणि वीस वर्षांचा विचार करणे वेगळे. परदेशातील नोकरी जन्मभराची नसते. करार संपला की माणूस परत येतो आणि दरमहा येणारी रक्कम थांबते. तोपर्यंत मोठे घर बांधून झालेले असते, लग्नेही थाटात झालेली असतात. पण पुढच्या दिवसांसाठी काय शिल्लक आहे, हे कोणी मोजलेलेच नसते. अब्बांनी पंधरा वर्षे उन्हात राबून मिळवलेल्या पैशाची अशी गत झाली, तर वाईट वाटल्याशिवाय कसे राहील?

म्हणून मुलींनी तर ही विद्या अवश्य शिकावी. ज्यांच्या हाती घराची तिजोरी, त्यांच्या हाती हिशेबाची विद्याही असावी.

वाणिज्य शाखेत काय शिकवतात? पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन, चिटणिसाची कार्यपद्धती, अशी नावे ऐकून घाबरू नका. रोजचे व्यवहार रोज लिहायचे, ती रोजकीर्द. ते खात्यांप्रमाणे वेगळे करायचे, ती खतावणी. आपल्याकडे किती आहे आणि आपण किती देणे लागतो हे समोरासमोर मांडायचे, तो ताळेबंद. तुम्हां उर्दू शिकणाऱ्या मुलांना तर हे अधिक सोपे जाईल. जमा, खर्च, बाकी, रक्कम, नफा, कर्ज, वसूल हे हिशेबाचे शब्द मराठीत अरबी-फारसीतूनच आले आहेत. ते तुम्ही लहानपणापासून घरात ऐकता. बारावीनंतर बी.कॉम. करता येते. हिशेब, बँक, विमा अशा विषयांचे वेगळे अभ्यासक्रमही मुंबई विद्यापीठात आहेत.

आता या विद्येचा घरात उपयोग कसा होतो ते पाहा. सावकार म्हणतो, “शेकडा तीन रुपये व्याज.” ऐकायला किती थोडे वाटते! पण ते तीन रुपये महिन्याचे असतात. वर्षाचे होतात छत्तीस. दहा हजार रुपये घेतले तर वर्षाला ३,६०० रुपये नुसते व्याज, आणि मुद्दल जसेच्या तसे! उलट, दरमहा ५०० रुपये बाजूला ठेवले तर वर्षाचे ६,००० आणि पाच वर्षांचे ३०,००० होतात. त्यात व्याजाचा एक पैसाही धरलेला नाही. कोणी येऊन “वर्षात पैसे दुप्पट करून देतो” असे सांगू लागला, तर हिशेब जाणणारा मुलगा लगेच विचारील, “असा कोणता धंदा आहे, की ज्यात वर्षाला शंभर टक्के नफा होतो?” आणखी एक गोष्ट. २०२० साली बँकेतील ठेवींच्या विम्याची मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही. आयुष्याची कमाई कोठे ठेवायची, हे ठरवण्यापूर्वी एवढे तरी माहीत नको का?

जुलै २०२१ मधील महापूर तुमच्या घरात अजूनही कोणी विसरले नसेल. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. दुकानांतील माल गेला, घरांतील सामान गेले. त्याच वेळी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. गेलेला माणूस कोणत्याही पैशाने परत येत नाही. पण मागे राहिलेल्यांना पुन्हा उभे राहायचे असते. अशा वेळी चार गोष्टी उपयोगी पडतात: संकटासाठी वेगळी ठेवलेली शिल्लक, माणसांचा विमा, घर-दुकानाचा विमा आणि उंच, सुरक्षित जागी जपून ठेवलेली कागदपत्रे. विमा घेताना त्यात पुराचे नुकसान धरले आहे की नाही, हे वाचून पाहावे लागते. नदीकाठी राहणाऱ्यांनी हे पावसाळ्यापूर्वी करायचे असते. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

यावर दोन शंका नेहमी घेतल्या जातात. पहिली अशी, की “आमच्याकडे पैसाच नाही, मग नियोजन कसले?” मला वाटते, ज्याच्याकडे थोडे आहे त्यालाच नियोजन अधिक लागते. श्रीमंताचे हजार रुपये हरवले तर त्याला कळतही नाही; मजुराचे शंभर हरवले तर चूल अडते. दुसरी शंका व्याजाची. काही घरांत व्याज घेणे-देणे टाळतात. त्यांच्या भावनेचा आदर केलाच पाहिजे. पण वाणिज्य म्हणजे फक्त व्याज नव्हे. भागीदारीत नफा-तोटा कसा वाटायचा, हेही त्यातच शिकवतात. जकात काढायची तर वर्षाच्या शिल्लकीचा चोख हिशेब लागतोच. आणि ज्याला व्याज टाळायचे आहे, त्याला ते कोठे लपलेले असते हे अधिकच ओळखता आले पाहिजे. हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलची रोख किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज, या दोन रकमा शेजारी लिहून पाहा, म्हणजे समजेल.

आपल्या कॉलेजांनाही एक सांगावेसे वाटते. परीक्षेत दुसऱ्याच्या कंपनीचा ताळेबंद बिनचूक जुळवणाऱ्या विद्यार्थ्याला पुष्कळदा स्वतःच्या घराचा खर्च ठाऊक नसतो. विम्याचा कागद कसा वाचावा, आयकराचे विवरणपत्र कसे भरावे, म्हातारपणाची तरतूद केव्हा सुरू करावी, हे प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला शिकवले पाहिजे. पुढे डॉक्टर होणाऱ्यालाही पगार मिळणारच आहे, आणि फसवणारी माणसे त्याच्याही दारी येणारच आहेत.

तुम्ही कॉलेजात जाल तेव्हा जाल. पण सुरुवात आजच करता येईल. एक साधी वही घ्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. महिनाभर अम्मीजवळ बसून घरातील प्रत्येक रुपया लिहा. महिन्याच्या शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज करा आणि ती वही घरातील मोठ्या माणसांना दाखवा. कोणाला दोष देऊ नका. फक्त आकडे दाखवा. पुढच्या महिन्यात काय बदलायचे, हे घरातले सगळे मिळून ठरवतील. मग शाखा निवडण्याची वेळ येईल, तेव्हा तुम्हांला वाणिज्य हा विषय परका वाटणार नाही. त्याचा पहिला धडा तुम्ही घरीच गिरवलेला असेल.